अव्यक्त

त्याचं नाव सापडत नाही.
न कळलेल्या राशीला जुने गणक 'या' म्हणत,
यावत्-तावत्, जेवढी असेल तेवढी,
म्हणून मीही त्याला 'या'च म्हणते
दिवाडीच्या शाळेत, आठवीच्या वर्गात,
शेवटच्या तासाला,
जेव्हा अर्ध्या पोरांचे कान फेरीबोटीच्या भोंग्याकडे असतात.

समजा, 'या' होता.
(समजा म्हटल्याशिवाय गणित सुरू होत नाही.)
कदंबांचं राज्य. गोपकपट्टणाच्या धक्क्यावर
घोडे उतरताहेत, लाथा झाडत,
आणि हा इकडे खाजनाच्या बांधावर,
पोटरीपर्यंत चिखल, खांद्यावर काथ्याची दोरी,
काठीकाठीच्या अंतरावर मारलेल्या गाठी.

शेत एका विधवेचं. तिचंही नाव नाही.
दुसऱ्या अव्यक्ताला रंगाचं नाव देत: कालक.
थोडक्यात, 'का'.
तर 'का'चं शेत: वरची बाजू चौदा काठ्या, खालची चार,
तिरक्या दोन्ही तेरा-तेरा.

सारा ठरवणारे बांधावरून खाली उतरतच नसत.
चौदा नि चार अठरा, निम्मे नऊ,
तेरा नव्वे सतरोदरशे. लिही.
तिच्या सासऱ्याच्या वेळीही सतरोदरशेच होतं.

'या' मात्र शेतात उतरला.
कोरगुटाच्या रोपांना जपत,
खालच्या कोपऱ्यातून वरच्या बाजूवर
दोरी नीट काटकोनात ताणली.
मोजल्या गाठी: बारा.
पुन्हा मोजल्या. बाराच.
तिरकं चालताना पाय जास्त पडतात, बाई,
भात तेवढं जास्त पिकत नाही.
बारा नव्वे अठ्ठोदरशे.

म्हणजे नऊ.
नऊ काठ्या जमीन, जी कुठेच नव्हती,
जिच्यावर बगळा कधी उतरला नाही,
भरतीचं खारं पाणीही जिला बुडवू शकलं नाही,
आणि जिचा सारा
तीन पिढ्या नियमानं भरत होत्या.

धूळपाटीवर त्यानं नऊ लिहिले,
वर एक टिंब दिलं. ऋण.
'का' टिंबाकडे बघत राहिली.
टिंब म्हणजे आपण देणं लागतो, एवढं तिला ठाऊक होतं.
या खेपेला ते दुसऱ्या बाजूला पडलं होतं.

"मग सारा कमी केला, टीचर?"
पुढचं पान वाळवीनं खाल्लं, असं मी दरवर्षी सांगते.
पान कधी नव्हतंच, हे त्यांनाही कळतं
आणि ती वही मिटायला लागतात.

यंदा जोविता फुर्ताद उठली,
जिचा बाप मानशीच्या लिलावात दोनदा हरला.
"आमच्या शेताचं काढा."
बांधाला कुर्लीनं भोक पाडलं होतं,
शून्याएवढं,
बुजवायची पाळी कुणाची यावर बैठक झाली,
दुसरी झाली,
तिसरीपर्यंत नदी आत आली होती.
आता तिथे खारफुटी. मासे. एक मोडकी होडी.
तिनं मापं आणली होती, बापाच्या अक्षरात,
वाणसामानाच्या पावतीमागे:
एकवीस. सतरा. दहा.

"आणि चौथी?"
"चौथी पाण्यात आहे."

तीन बाजूंवर चौकोन उभा राहत नाही.
हे मी शिकवलेलं आहे, परीक्षेत विचारलेलं आहे.
तरी खडू हातात होता.
तीन रेघा काढल्या,
चौथी ठिपक्याठिपक्यांनी, फळ्याच्या कडेपर्यंत,
आणि तिच्याशेजारी लिहिलं
जे लिहायचं असतं.

भोंगा झाला. बाकं सरकली.
जोविता तेवढी फळ्यापाशी थांबली,
ठिपक्यांवरून बोट फिरवत,
आणि ते अक्षर तिनं मोठ्यानं वाचलं:
या.
जसं दारातून
कुणाला म्हणावं.